दृष्टान्त कोणासाठी?

पुंडलीक वरदा हरि विठ्ठल!

कीर्तन शिकताना आम्हाला सांगतात, आधी सिद्धान्त मांडा, मग तो श्रोत्यांच्या गळी उतरावा म्हणून दृष्टान्त द्या. म्हणजे सिद्धान्त हे कडू औषध आणि दृष्टान्त हा त्यावरचा मध. ऐकायला बरं वाटतं. पण मध चाटून औषध थुंकणारी पोरं आपण घरोघरी पाहिली आहेत, आणि श्रोते काही वेगळे नसतात. कीर्तन सुटल्यावर रिक्षाच्या रांगेत उभे राहिलात की काय आठवतं? गोष्ट आठवते. सिद्धान्त मंडपातच राहतो, सतरंजीखाली. मग ही आठवणारी गोष्ट नुसती करमणूक आहे, की खरं औषध तिच्यातच आहे? आज एवढंच पाहायचं आहे. आणि त्यासाठी उदाहरण घेणार आहे ते ख्रिस्ती धर्मातलं. कारण येशूने लोकांना शिकवलं ते बहुतेक सगळं दृष्टान्तांनी. शुभवर्तमानांत त्याचे तीसेक दृष्टान्त तरी आहेत. तो ग्रंथकार नव्हता. त्याने स्वतः लिहून ठेवलेलं एक पानही आपल्याकडे आलेलं नाही. आल्या त्या त्याने सांगितलेल्या गोष्टी, शिष्यांनी लक्षात ठेवलेल्या.

आता काही भुवया वर गेलेल्या मला इथून दिसतात. बुवा, चातुर्मासात हे काय काढलंत? घाबरू नका. इथे कोणाच्या गळ्यातली माळ काढायची नाही आणि कोणाच्या गळ्यात काही घालायचं नाही. शिवाय हा पाहुणा फार लांबचाही नाही. ठाण्याच्या मासुंदा तलावावर फेरी मारा. तळ्याजवळ कौपिनेश्वर आहे, आणि तळ्याजवळच सेंट जॉन बॅप्टिस्ट चर्चही आहे. पोर्तुगीजांचा ठाण्यावरचा अंमल मराठ्यांनी 1737 मध्ये संपवला. राज्य गेलं, पण इथली ख्रिस्ती माणसं इथल्याच मातीतली होती, ती राहिली, घरात मराठी बोलत राहिली. आणि कल्याणचं म्हणाल तर रेव्हरंड नारायण वामन टिळक लहानपणी कल्याणच्या शाळेत शिकले, 1869 ते 1873. त्यांच्याकडे पुढे येऊच.

आधी एक जुनी गोष्ट. येशूच्याही सुमारे हजार वर्षं आधीची, त्याच्याच लोकांची. दावीद नावाचा राजा होता. भक्त होता, कवी होता, देवाची स्तोत्रं गाणारा. आणि या भक्त राजाने काय केलं? आपल्या सैन्यातल्या उरिया नावाच्या एका निष्ठावंत शिपायाच्या बायकोवर डोळा ठेवला, तिला महालात आणलं, आणि प्रकरण अंगाशी येतंय म्हटल्यावर उरियाला लढाईत अशा जागी उभं करायला लावलं की तो परत येणार नाही. तो आला नाही. बाई राणी झाली. दरबारात सगळ्यांना ठाऊक, पण बोलतो कोण?

नाथान नावाचा एक सत्पुरुष राजाकडे गेला. आता तुम्ही त्याच्या जागी असता तर काय केलं असतं? उपदेश? राजाने ऐकला नसता. आरोप? मान गेली असती. नाथानाने एक फिर्याद सांगितली. म्हणाला, महाराज, एका गावात दोन शेजारी. एकाकडे गुराढोरांचे कळप, दुसऱ्याकडे एकच कोकरू. विकत घेतलेलं, पोरांबरोबर वाढलेलं. धन्याच्या घासातला घास खायचं, त्याच्या मांडीवर झोपायचं. लेकच म्हणा ना. एक दिवस श्रीमंताकडे पाहुणा आला. स्वतःच्या कळपातलं काढायचं याच्या जिवावर आलं, म्हणून त्याने गरिबाचं ते एक कोकरू उचललं आणि पाहुण्याच्या ताटात वाढलं.

राजा ताडकन उठला. कोण आहे तो? जिवंत ठेवण्याच्या लायकीचा नाही! एकाच्या चौपट भरून दिलं पाहिजे त्याने!

नाथान शांतपणे म्हणाला, राजा, तो श्रीमंत माणूस म्हणजे दुसरा-तिसरा कोणी नाही, तूच आहेस.

पाहिलंत? निकाल कोणी दिला? नाथानाने नाही, राजाने स्वतः. स्वतःविरुद्ध निकाल द्यायला माणूस कधी तयार होत नाही, पण गोष्टीतल्या माणसाविरुद्ध तो झटकन देतो. तिथे त्याची बुद्धी निर्मळ असते, कारण तिथे त्याचं काही जात-येत नसतं. उपदेश येताना दिसला की आपण दाराला कडी लावतो. गोष्ट मागच्या दाराने स्वयंपाकघरात येऊन बसलेली असते. तेव्हा मध आणि औषध वेगळं करू नका. कोकराच्या गोष्टीतून कोकरू काढा आणि नुसतं सांगा, दुसऱ्याचं हिसकावू नये. खरं आहे, पण दावीद जागचा हलला असता का?

येशू याच परंपरेतला. त्याचीही एक मेंढराची गोष्ट आहे. मेंढपाळाकडे शंभर मेंढरं. संध्याकाळी मोजली तर नव्याण्णव. हा नव्याण्णव तिथेच रानात सोडून एकाच्या मागे निघतो, सापडेपर्यंत फिरतो, आणि सापडलं की खांद्यावर घेऊन येतो. वर शेजाऱ्यापाजाऱ्यांना बोलावून आनंद करतो.

आमच्या डोंबिवलीत बँकेतून निवृत्त झालेली मंडळी पुष्कळ. एकांनी मला विचारलंच, बुवा, शंभरात एक म्हणजे एक टक्का, एवढं तर बुडीत खात्यात जातं, त्यासाठी नव्याण्णव धोक्यात घालणं हा कुठला हिशोब? मी म्हटलं, अगदी बरोबर, हिशोब चुकतोच. तो चुकावा म्हणूनच गोष्ट सांगितली आहे. दिवाळीनंतर घाट उतरून कोकणात येणाऱ्या एखाद्या धनगराच्या वाड्यावर जाऊन विचारा, शंभरातलं एक गेलं तर काय होतं. तो टक्क्यांत बोलणार नाही. कोणतं गेलं ते सांगेल. कानावर ठिपका असलेलं, की पायाने अधू. आणि बँकेतले काकाच संध्याकाळच्या गर्दीत कल्याण स्टेशनच्या पुलावर असोत, हाताला दोन नातवंडं असोत आणि त्यांतल्या एकाचा हात सुटो. पन्नास टक्के शिल्लक आहेत म्हणून ते घरी जातील का? देवाला माणूस शेकड्यात दिसत नाही, असं मी सांगितलं असतं तर तुम्ही मान डोलावली असती आणि घड्याळ पाहिलं असतं. पण पुलावर हात सुटला म्हटल्याबरोबर शेजारच्या नातवाच्या खांद्यावर दोघा-तिघांचे हात गेले, ते मी पाहिलं.

मेंढरू खांद्यावर घेतलेला हा मेंढपाळ रोममधल्या भुयारी दफनभूमीत भिंतींवर रंगवलेला सापडतो. सुरुवातीच्या काळातल्या ख्रिस्ती लोकांनी मेंढपाळ काढला, मासा काढला. क्रूस, ज्याला आज आपण त्या धर्माची खूण समजतो, तो काढायला ते फार दिवस धजावले नाहीत. कारण उघड आहे. रोमन राज्यात क्रूस म्हणजे गुलामांना आणि बंडखोरांना मारण्याचं लाकूड. आपल्या देवघरात कोणी फाशीचा दोर ठेवील का? पण शेवटी तीच खूण त्यांनी पुढे घेतली. तिच्यात काय आहे ते मेंढपाळाच्या चित्रात पुरतं येत नव्हतं. मेंढपाळ मेंढरू शोधून आणतो, इतकंच तिथे दिसतं. शोधताना स्वतःचं काय गेलं, ते क्रूसावर दिसतं.

बरं, गोष्ट एका देशातून दुसऱ्या देशात गेली म्हणजे काय होतं? हे मराठीइतकं चांगलं फार थोड्या भाषांत पाहायला मिळतं. इंग्लंडमध्ये 1549 साली जन्मलेला थॉमस स्टीफन्स हा जेझुइट पाद्री 1579 मध्ये गोव्याला आला आणि पुढची चाळीस वर्षं, मरेपर्यंत, इथेच राहिला. साष्टीत काम करताना तो आपली भाषा शिकला. तिकडे पैठणला तेव्हा नाथमहाराज लिहीत होते. आता त्या वेळच्या साष्टीतली स्थिती डोळ्यांपुढे आणा. देवळं पाडली गेली होती. पोथ्या, पुराणं, कथा यांवर बंदी होती. हे सांगताना मऊ शब्द वापरायचं कारण नाही. राज्याच्या जोरावर लोकांची जीभ कापावी तसं ते होतं. धर्म बदललेल्या माणसांना प्रश्नोत्तरांची शिकवण पाठ करायला दिली होती. आणि मग एका ब्राह्मणाने, हे खुद्द त्या ग्रंथातच आलं आहे, पाद्रीला विचारलं, तुमची शिकवण चांगली असेल, पण आमची पुराणं तुम्ही बंद केलीत, मग त्या जागी आम्हाला दुसरं पुराण का देत नाही?

काय मार्मिक मागणी आहे पाहा. त्या माणसाला सिद्धान्त मिळाला होता, पाठही झाला होता. पण संध्याकाळी दिवा लावल्यावर म्हणायचं काय? आईने पोराला मांडीवर घेऊन सांगायचं काय? गोष्टीवाचून माणूस उपाशी राहतो, हे त्याने न भिता सांगितलं. आणि स्टीफन्सचा मोठेपणा हा की त्याने ते ऐकलं. त्याने मराठीत ख्रिस्तपुराण रचलं, जवळजवळ अकरा हजार ओव्यांचं. ते 1616 मध्ये छापलं गेलं, रोमन लिपीत. तुकोबा तेव्हा लहान होते. ओवी आपली, पुराणाची रचना आपली, आणि स्वर्गाला शब्द कोणता, तर वैकुंठ. मराठी भाषेचं त्याने ज्या शब्दांत कौतुक केलं आहे, रत्न, मोगरा, कस्तुरी, मोर अशा उपमा लावून, ते वाचून आपल्यालाच थोडी लाज वाटावी. आपण घरात नातवंडांशी कोणत्या भाषेत बोलतो?

हे पुराण पुढे देवळासारखं लोकांनी वापरलं. गोव्यात चर्चमध्ये म्हटलं गेलं. तिथून मंगळूरकडे गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी बरोबर नेलं. त्या लोकांना टिपू सुलतानाने 1784 मध्ये श्रीरंगपट्टणला कैद करून नेलं. चर्च नाही, पाद्री नाही, अशा वर्षांत या ओव्यांनी धीर दिला, अशी त्यांच्यात आठवण सांगतात. तहात, हुकुमात, शिकवणीच्या वहीत जे टिकलं नसतं ते ओवीत टिकलं.

आता एक बारीक गोष्ट लक्षात घ्या. स्टीफन्सने कपडे बदलले, ओवी घेतली, वैकुंठ म्हटलं. क्रूस बदलला का? नाही. तिथे हात लावला नाही. म्हणजे प्रतिमेत काही भाग अंगरख्याचा असतो आणि काही अंगाचा. अंगरखा देशोदेशी वेगळा शिवता येतो. अंग बदललं की माणूसच दुसरा. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्तिसदनात बायबलचं मराठी भाषांतर केलं तेव्हा त्यांनी वेगळा अंगरखा शिवला, पंडिती शब्द टाळून साध्या बायाबापड्यांना कळेल असा. मूळ हिब्रू आणि ग्रीक शिकून केलेलं काम. रमाबाई 1922 मध्ये गेल्या आणि ग्रंथ 1924 मध्ये पुरा छापून झाला. एकाने पुराणाचा शालू नेसवला, एकीने सुती लुगडं. मला विचाराल तर गाण्यासाठी पहिला, रोज वाचण्यासाठी दुसरा.

आता आपले कल्याणचे टिळक. मोठेपणी संस्कृत जाणणारे, कवी, वक्ते. 1893 मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एक युरोपीय गृहस्थ भेटला, त्याने नवा करार हातात दिला आणि वाचा म्हणाला. शब्द दिला म्हणून टिळक वाचायला बसले, आणि मत्तयाच्या पुस्तकातल्या डोंगरावरच्या प्रवचनाशी येऊन थांबले. ते तीन अध्याय त्यांना सोडवेनात. काय आहे त्यात? तर्काची साखळी नाही. मीठ आहे, दिवा आहे, न पेरता खाणारी पाखरं आहेत, रानातली फुलं आहेत, खडकावरचं घर आणि वाळूवरचं घर आहे. भाईंदरकडच्या मिठागरातल्या माणसाला मीठ म्हणजे काय हे सांगावं लागत नाही, आणि पागोळ्यांखाली पाया खचलेलं घर आपण दर पावसाळ्यात पाहतो. एवढ्या साध्या वस्तूंनी एवढा मोठा पंडित अडवला. पुढे 1895 मध्ये त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. मात्र आपण ख्रिस्ताच्या पायाशी आलो ते तुकोबांच्या पुलावरून, असं ते स्वतः सांगत. त्यांनी अभंग लिहिले, कीर्तनंही केली. ख्रिस्ती कीर्तनाची ही रीत त्यांच्याआधी अहमदनगरच्या बाजूला कृष्णराव सांगळे यांनी पाडली होती. म्हणजे टाळ, वीणा, पूर्वरंग, उत्तररंग, सगळं तुमच्या-आमच्या ओळखीचं.

पण घराचं काय झालं? लक्ष्मीबाई, त्यांची पत्नी. सोवळ्यात वाढलेली. नवऱ्याने धर्म बदलला ही बातमी म्हणजे घरावर कोसळलेली वीज. जवळजवळ पाच वर्षं दोघं वेगळी राहिली. त्यातला काही काळ त्या कुठे होत्या माहीत आहे? पंढरपुरात, नातेवाइकांच्या घरी. पदरात लहान मुलगा. दिंडीबरोबर चंद्रभागेवर पोचलात की क्षणभर त्या बाईची आठवण करा. नवरा जिवंत आहे, पत्र येतं, प्रेम आहे, आणि मधे एवढी भिंत. लोक तिला काय काय म्हणाले असतील? यातलं पुष्कळ त्यांनी स्मृतिचित्रांत लिहिलं आहे. रडगाणं न गाता, हसत हसत, स्वतःलाही न सोडता. ज्यांनी वाचलं नसेल त्यांनी ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयातून आणावं आणि वाचावं, धर्म बाजूला ठेवून वाचावं. पुढे त्या टिळकांकडे गेल्या आणि 1900 मध्ये त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. टिळक येशूचं चरित्र ओवीत लिहीत होते, ख्रिस्तायन. दहा-अकरा अध्याय झाले आणि 1919 मध्ये ते गेले. ते पुढे नेलं कोणी? जिने मोठेपणी नवऱ्याकडून अक्षरं गिरवली त्या लक्ष्मीबाईंनी. ग्रंथाचा मोठा भाग त्यांचाच. ज्या गोष्टीने तिचा संसार फाटला, तीच गोष्ट ती बाई म्हातारपणी ओवी-ओवीने पुढे नेत बसली. उपदेशासाठी कोणी एवढं करतं का, याचा विचार करा.

आणि आता ज्या दृष्टान्तासाठी आज उभा राहिलो तो. लूकच्या पुस्तकात पंधराव्या अध्यायात आहे, त्या हरवलेल्या मेंढराच्या थोडं पुढे. आधी तो कोणाला सांगितला ते ऐका, कारण बहुतेक जण तेच विसरतात. येशू जकातवाल्यांबरोबर, बदनाम माणसांबरोबर पंक्तीला बसतो म्हणून धर्म पाळणारी मंडळी कुरकुर करत होती. त्यांना सांगितला. पापी माणसांना नाही. नित्यनेम करणाऱ्यांना. म्हणजे कोणाला ते तुमच्या ध्यानात आलं असेलच.

एका बापाला दोन मुलगे. धाकटा म्हणाला, माझी वाटणी द्या. बाप जिवंत असताना! आपल्याकडे कल्याण-भिवंडीच्या पट्ट्यात हे समजावून सांगावं लागत नाही. जमिनीला बिल्डरचा भाव आला, सातबाऱ्यावर नावं चढवा, आमचं आम्हाला मोकळं करा. बाप मरायची वाट पाहत नाहीत. या बापाने वाटणी दिली. पोरगा पैसे घेऊन परदेशी गेला, उधळले, दुष्काळ पडला, आणि शेवटी डुकरं राखायची पाळी आली. यहुदी माणसाला डुक्कर म्हणजे विटाळ. तिथे तो डुकरांपुढच्या शेंगांकडे भुकेने पाहतोय. तेव्हा शुद्धीवर आला. म्हणाला, बापाचे गडीसुद्धा पोटभर जेवतात. जातो, आणि म्हणतो, मी चुकलो, मुलगा म्हणवून घ्यायची माझी लायकी नाही, मला गडी म्हणून ठेवा. भाषण पाठ करत करत निघाला.

तो लांब असतानाच बापाने त्याला पाहिलं. लांब असताना दिसला, म्हणजे बाप वाटेकडे पाहत असला पाहिजे. आणि मग बाप काय करतो? धावतो. घरंदाज, वयस्क माणूस, लांब अंगरखा सावरत गावादेखत धावतो. त्या मुलखात मोठा माणूस धावत नाही, लोक त्याच्याकडे धावतात. मिठी मारली. पोराने पाठ केलेलं बोलायला सुरुवात केली. चुकलो, लायकी नाही. पण मूळ गोष्ट नीट पाहा. गडी म्हणून ठेवा, हे शेवटचं वाक्य त्याला बोलताच आलं नाही. बापाने मधेच हाक मारली, अरे, चांगलं वस्त्र आणा, बोटात अंगठी घाला, पायांत वहाणा घाला. गडी अनवाणी असतात, वहाणा मुलाच्या पायांत.

मग मेजवानी. पुस्तकात तिथे पोसलेलं वासरू आहे. माळकऱ्यांनी तिथे पुरणपोळी समजावी, गोष्टीला धक्का लागत नाही. तो अंगरखा आहे. पण बापाचं धावणं काढून तो ओसरीवर बसून वाट पाहत होता असं करा. गोष्ट मेली.

इथपर्यंत सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी येतं, आणि बहुतेक कीर्तनं इथेच आटोपतात. पण मंडळी, मुलगे दोन आहेत. थोरला शेतावर होता. घराजवळ येतो तो आतून गाणं-बजावणं ऐकू आलं. आत गेला नाही. गड्याला हाक मारून विचारलं, काय चाललंय. गडी म्हणाला, तुमचा भाऊ आला. हा तिथेच अंगणात ठाण मांडून उभा. आत यायला तयार नाही.

बाप पुन्हा बाहेर आला. एकाच दिवसात दुसऱ्यांदा. धाकट्यासाठी वाटेवर, थोरल्यासाठी अंगणात. आणि थोरला काय बोलला? एवढी वर्षं तुमची चाकरी करतोय, एक शब्द मोडला नाही, मला मित्रांबरोबर खायला कधी एक करडू दिलं नाहीत, आणि हा तुमचा मुलगा... ऐकलंत? माझा भाऊ म्हटलं नाही. तुमचा मुलगा. आणि चाकरी हा शब्द पाहा. धाकटा गडी व्हायला आला होता, त्याला बापाने मुलगा केलं. थोरला मुलगा असून आतून गडीच झाला होता आणि कोणाला कळलं नव्हतं.

तुम्ही हे वारीच्या मुक्कामात वाचत असाल, कोणाची पंधरावी वारी असेल, कोणाची चाळिसावी. चाळीस वर्षं एकादशी चुकली नाही. आणि पंक्तीत शेजारी येऊन बसतो तो कोण? दारू सोडून चार महिने झालेला. भावाला फसवून जमीन खाल्लेला, आणि आता कपाळाला बुक्का लावलेला. पोटात काय होतं ते मी विचारत नाही. मला स्वतःला काय होतं ते मला ठाऊक आहे. दावीद राजासारखा निकाल मघाशीच देऊन झालाय, धाकटा बरा की थोरला बरा, तो तुम्ही मनात दिलाच असेल. नाव कोणाचं घातलंत, ते मात्र पाहून घ्या.

बापाने थोरल्याला रागावून नाही सांगितलं. बाळा म्हणाला. म्हणाला, तू तर नेहमीच माझ्याजवळ आहेस, माझं जे आहे ते तुझंच आहे, पण हा तुझा भाऊ... बापाने शब्द दुरुस्त केला, पाहा. तुझा भाऊ गेलाच होता, तो मिळाला, मग आनंद करायचा नाही तर काय?

पुढे थोरला आत गेला का? येशूने सांगितलं नाही. मी कितीतरी वेळा ते पान उलटून पाहिलं, पुढे दुसरीच गोष्ट सुरू होते. म्हणजे गोष्ट इथेच थांबली आहे. आत दिवे लागलेत, पंगत बसली आहे, गाणं चालू आहे, धाकटा नव्या वहाणा घालून बावरून बसला आहे. दार उघडं आहे. आणि बाप आत नाही, अंगणात थोरल्यापाशी उभा आहे.

पुंडलीक वरदा हरि विठ्ठल!